वर यायचा धडा

"दोराला एवढ्या गाठी काहून मारून राहिले?"

गोजरबाई सूप घेऊन ओसरीवर आली ती तिथेच थांबली. माणिकराव नायलॉनचा पिवळा दोर पायाच्या अंगठ्यात अडकवून बसले होते. हातभर जागा सोडायची, गाठ मारायची, पुन्हा हातभर सोडायची, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं.

"उद्या शाळेची पोरं येऊन राहिली ना तळ्यावर. धरायला बरं पडतंय."

"पोहायला शिकताना दोर कोण धरतंय? डबा बांधत्यात."

माणिकरावांनी दोर ताणून धरला. गाठ दातात धरून घट्ट ओढली. गोजरबाई खाली बसून ज्वारी पाखडू लागली. सूप नेहमीपेक्षा जोरात आपटत होतं. या घरातलं भांडण असंच असायचं.

डब्याचं तिचं म्हणणं मात्र अगदी खरं होतं. साखऱ्याच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात निम्म्या माणसांना पोहायला माणिकरावांनीच शिकवलं होतं, आणि दोर त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. उन्हाळ्यात शाळा सुटली की पोरांची पलटण त्यांच्या विहिरीवर. आधी पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे, मग एक. मग एके दिवशी त्या एका डब्याचं बूच ते गुपचूप सैल करून ठेवायचे. डब्यात पाणी शिरायचं, पोरगं आपलं हातपाय हाणत समोरची पायरी गाठायचं, आणि वर आल्यावर त्याला कळायचं की अर्ध्यापासून आपण आपल्याच जिवावर आलो. मग ते पोरगं दिवसभर जमिनीवर पाय ठेवत नसे. शेवटची परीक्षा म्हणजे बुडी मारून विहिरीच्या तळाची माती मुठीत आणून दाखवायची. माती आली की पोरगं पास. पास झालेल्या पोराची आई माणिकरावांना साखरेचा पुडा आणून द्यायची आणि ते "कशाला, कशाला" म्हणत घ्यायचे.

पोरींना पाण्यात घालायचं म्हटलं की गाव नाक मुरडायचं. तरी तांड्यावरचा हिरासिंग आपली पुजा घेऊन आलाच होता. "पोरीला पानी का येगळं बुडवतंय व्हय?" एवढंच तो म्हणाला आणि काठावर बिडी ओढत बसला. ती पुजा आता गावातल्या शाळेत मॅडम झाली होती.

माणिकरावांना शेतीतलं फारसं कळत नाही, पण पाण्यातलं कळतं, असं लोक म्हणायचे. त्यातला पहिला भाग ते सोडून द्यायचे आणि दुसरा मनाशी ठेवायचे. साध्या माणसाला एवढं पुरतं.

त्यांचा सोमेश्वर त्या विहिरीचा राजाच होता. शाळेत नाव घालण्याआधी त्याने तळाची माती आणली होती. सूर मारावा त्यानेच, मुटका मारावा त्यानेच. मुटका असा मारायचा, की वर मोटारीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांची धोतरं भिजायची आणि ते शिव्या देत हसायचे.

तीन उन्हाळ्यांमागे विहीर आटली. सोमेश्वर म्हणाला, शेततळ्यात पोहतो. माळावर मोठा खड्डा खोदून, त्यात काळा जाड प्लास्टिकचा कागद अंथरून माणिकरावांनी पावसाचं पाणी साठवलं होतं. हळदीला पुरवून पुरवून वापरायचं ते पाणी. गोजरबाई म्हणाली, नको. माणिकराव पारावर चारचौघांत बसले होते. हसून म्हणाले, "आगं, त्या डबक्यात काय बुडतंय माझं पोरगं!" चारचौघांत म्हटल्यामुळे ते चारचौघांना अजून आठवतं. तोंडावर कुणी ऐकवत नाही, एवढा चांगुलपणा गावात आहे.

त्याच आठवड्यात सोमेश्वर तळ्यात गेला.

पोहणारं पोरगं बुडालं कसं? गाव म्हणालं, पायात गोळा आला. गाव तसं म्हणालं, कारण माणिकरावांनी तसं सांगितलं. गोजरबाईलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. "गोळा आला आन एका मिनिटात गेलं ते. त्याला तकलीफ झाली न्हाई." जेवायचं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली गोजरबाई त्या बोलण्यावर उठून बसली होती. अजूनही कुणी भेटायला आलं, की ती पदराने डोळे पुसून म्हणायची, "तकलीफ झाली न्हाई बघा माझ्या लेकराला." त्या एका वाक्याच्या आधाराने ती चूल पेटवत होती, हळद काढत होती, धाकट्या कोमलची वेणी घालत होती.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक माणिकराव आणि दुसरी तांड्यावरची शिला. शिला त्या दिवशी तिथे शेळ्या चारत होती. सोमेश्वर मजेत पोहला आणि मग त्याला बाहेर यायचं होतं. कागदाचा उतार बुळबुळीत, त्यावर शेवाळ. तो वर सरकायचा आणि खाली घसरायचा. या बाजूने जमेना म्हणून त्या बाजूला पोहत गेला. शिलाने ओढणी टाकली, ती पुरली नाही. मग ती पळाली. अर्ध्या वाटेत तिला माणिकराव भेटले. ते पोचले तेव्हा पाणी शांत होतं, आणि चारही बाजूंच्या शेवाळात बोटांचे ओरखडे होते. पोराला त्यांनी वर काढलं, काठावर निजवलं आणि लोक यायच्या आत पाण्याचा पाइप सोडून ते सगळे ओरखडे धुऊन टाकले. शिलाला म्हणाले, "काकूला सांगू नको बाई. गोळा आला म्हन." पोरगी तेव्हापासून त्यांच्या दारावरून जायची नाही. गोजरबाई म्हणायची, पोरगं बुडताना काठावर उभी राहिली म्हणून लाजत असेल. लाजायलाच पाहिजे.

हे असं तीन वर्षं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण मागच्या महिन्यात पुजा मॅडम वावरात आल्या. माणिकराव हळदीच्या कढईपाशी होते.

"काका, कनेरगाव नाक्याकडं एक पोरगं तळ्यात अडकलं व्हतं. पोहता येत व्हतं त्याला, चांगलं. ढाब्यावरच्या मानसांनी पाइप टाकला म्हून वाचलं."

"आयकलं म्या."

"मी शाळेचं शिबिर घेऊन राहिले. टेकडीवर चढायचं, झाडावर चढायचं, रानात सैपाक करायचा, सगळं हाय. त्यात एक दिस पान्याचा ठेवते, तुमच्या तळ्यावर. पोहायचा न्हाई. वर यायचा." पुजाने बाहेर कुठेतरी जाऊन डोंगर चढायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. "दोराचं मी बगते. पान्याचं तुमी बगा."

माणिकराव कढईतली हळद हलवत राहिले.

"काका, सोमूचं बी असंच झालं ना?"

"गोळा आला व्हता त्याला."

"गोळा आला तर पाठीवर पडायचं, पाय ढिला सोडायचा. मला कुनी शिकवलं हे? तुमीच ना? मंग सोमूला न्हाई शिकवलं व्हय?"

माणिकरावांच्या हातातलं फावडं थांबलं. इतकी वर्षं गावाला न सुचलेली गोष्ट या पोरीला सुचली, आणि तीही त्यांच्याच शिकवणुकीतून.

"तुज्या काकूला म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

"मंग दुसऱ्याचं तळं बगते," पुजा म्हणाली, आणि खरंच दारोदार हिंडली. पण भरल्या तळ्यावर बुडायचं नाव काढायला कुणी तयार होईना. कुणी म्हणे घरात लगीन आहे, कुणी म्हणे कागद फाटेल. शेवटी ती पुन्हा आली आणि बांधावर बसली. समोरच्या रस्त्यावरून पोरं सायकली हाणत चालली होती. त्यांतली कितीतरी पोरं माणिकरावांनीच पास केलेली होती. त्यांच्याकडे बघता बघता माणिकरावांच्या ध्यानात आलं. ज्याला पोहता येत नाही ते पोरगं काठावर थांबतं. पाण्यात उतरतं ते आपलं, पास झालेलं.

"घे," ते म्हणाले. "आमच्याच तळ्यावर घे."

तर आता दोराला गाठी मारून होत आल्या होत्या आणि सुपातली ज्वारी केव्हाच साफ झाली होती, तरी गोजरबाई पाखडतच होती.

"तुमी पुन्हा शिकवनार," ती म्हणाली. "एक गेलं तरी पोट भरलं न्हाई."

"गोजर..."

"न शिकवलेली पोरं जगली. ती शिला काठावरच थांबली, तिला पोहता येत नव्हतं म्हून. ती हाय आज. माजं शिकवलेलं व्हतं, ते गेलं." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड झालं. "आपली कोमल त्या पान्याला लागायची न्हाई. लागली तर मी शिरडला म्हायेरी जाईन. मंग आणायला येऊ नका."

माणिकरावांच्या तोंडापर्यंत आलं होतं, की गोजर, त्याला गोळा आला नव्हता, आणि उद्या मी पोरांना जे दाखवणार आहे ते तू बघू नको. पण तिने मान वर केली आणि तिचं तोंड बघून ते गप्प झाले. माणसाच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि वर त्याला चाल म्हणायचं, हे त्यांना जमेना.

"उद्या तू घरीच थांब," एवढंच ते म्हणाले. "भाकरी हितंच कर. मी गाडीवर नेतो."

"थंड भाकरी घालू व्हय लेकरांना? चूल मी आंब्याखाली मांडते. तळ्याकडं बगनार न्हाई मी. पन आपल्या वावरातून कुनाचं लेकरू उपाशी जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोरं टेकडी उतरून रांगेने वावरात आली. टेकडी चढून आलेल्या पोरांच्या अंगात काय असतं ते सांगायला नको. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला होता, कुणाच्या सदऱ्याला कुसळं लागली होती, आणि प्रत्येक जण आपणच पहिला वर पोचलो असं शपथेवर सांगत होता. कोमल त्यांच्यातच होती. टेकडीला गोजरबाईची हरकत नव्हती. रांगेच्या अगदी मागे शिला होती. शिबिर लहान पोरांचं होतं आणि ती तर आता कॉलेजात जात होती. पण पुजाने तिला बोलावलं होतं आणि ती आली होती. माणिकरावांना बघून तिने मान खाली घातली. माणिकरावांनीही.

आंब्याखाली चुलीचा धूर निघत होता. गोजरबाईने तळ्याकडे पाठ केली होती.

पुजाने पोरांना बांधावर ओळीने बसवलं. गाठींचा दोर लोखंडी खुंटीला बांधून तळ्यात सोडलेला होता. खुंटी तिने स्वतः घणाने ठोकली होती आणि तीनतीनदा ओढून पाहिली होती. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेलं होतं, त्यामुळे वरचा काळा उतार आणखीच लांब दिसत होता.

"पोहता कुनाकुनाला येतंय?" माणिकरावांनी विचारलं.

ढीगभर हात वर झाले. पहिला हात भागवतचा. अंगाने दांडगा, यात्रेत कुस्त्या खेळणारा पोरगा.

"माती आनली का?"

"दोनदा आनली काका. तुमीच तर बगितलं."

"मंग ये. उतर पान्यात. मी म्हनलो की वर ये."

पुजाने त्याच्या कमरेला दुसरा दोर बांधला आणि त्याचं टोक आपल्याकडे घेतलं. भागवतने सदरा काढला, पोरांकडे बघून दंड फुगवले आणि सूर मारला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे तो मजेत पोहला.

"ये वर," माणिकराव म्हणाले. "गाठींच्या दोराला हात लावायचा न्हाई."

भागवत आला. दोन्ही हात कागदावर टेकले, गुडघा लावला आणि सरळ पाण्यात घसरला. पोरं खदाखदा हसली. त्यालाही हसू आलं. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. पोरांचं हसून पोट दुखायला लागलं. मग त्याने पवित्रा बदलला. कोपऱ्यात गेला आणि दोन्ही बाजूंना हात लावून चढायला बघितलं. तिथूनही खाली. दुसऱ्या कोपऱ्यात गेला. आता तो हसत नव्हता. धापा टाकत होता, नाकातोंडात पाणी जात होतं, आणि बांधावरचं हसणं एकेक करून बंद होत गेलं. शेवटी सगळ्या माळावर त्याच्या नखांचा कागदावर होणारा करकर आवाज तेवढा राहिला.

"काका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "काका, येता येऊन न्हाई राहिलं."

"पाठीवर पड," माणिकराव ओरडले. "पाठीवर! हात पसर. पाय ढिले सोड. आता आभाळाकडं बग आन दम घे. बुडत न्हाईस तू. दम आला की हाक मार. चढायचं न्हाई. चढाय गेलं की दम जातो, आन दम गेला की मानूस जातं."

भागवत पाठीवर पडला. त्याची छाती वरखाली होत होती.

"ह्यो पयला धडा. आता काठावरचे काय करनार? उडी मारनार व्हय त्याला वाचवाय?"

"व्हय!" दोनचार जण ओरडले.

"मंग दोन मरतील. काठावरच्यानं काठावरच राहायचं. दोर टाकायचा. दोर न्हाई तर पाइप, ठिबकची नळी, काय बी. काईच न्हाई तर झाकन लावलेला रिकामा डबा फेकायचा, आन वरडत ऱ्हायचं." हे म्हणताना त्यांची नजर शिलाकडे गेली. ती उभी राहून ऐकत होती, ओढणीचं टोक मुठीत धरून.

भागवतने गाठींचा दोर धरला आणि पावलं कागदाला लावून, गाठ सोडून गाठ धरत वर आला. बांधावर येऊन पालथा पडला. कुणी टाळी वाजवली नाही.

माणिकरावांनी वळून पाहिलं. मागे गोजरबाई उभी होती.

पोरं हसत होती तेव्हा ती आली नव्हती. हसणं थांबलं तेव्हा आली. कोपरापर्यंत हात पिठाचे होते. ती भागवतकडे बघत होती, मग पाण्याकडे, मग पुन्हा भागवतकडे.

"ह्याला पोहता येतंय ना?" तिने विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"मी काय विचारून राहिले? ह्याला पोहता येतंय ना?"

"येतंय," माणिकराव म्हणाले.

"गोळा आला का रं बाबा तुला?"

"न्हाई काकू," भागवत म्हणाला. त्या पोराला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

गोजरबाईने पिठाचे हात पदराला पुसले आणि पदर कमरेला खोचला. मग पुजाला म्हणाली, "माज्या कमरेला बांध ते."

"काकू, नका..."

"बांध म्हनले ना."

पुजाने माणिकरावांकडे पाहिलं. ते पुढे झाले, "गोजर, आईक, घरी गेल्यावर मी सगळं..." पण तिने त्यांच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. पुजाने तिच्या कमरेला दोर बांधला आणि स्वतः मागे बसून पाय रोवले. शिला पुढे आली आणि पुजाच्या मागे बसून तिनेही तो दोर धरला.

उभ्या जन्मात गोजरबाई गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. गाठींचा दोर धरून ती उलट्या पावलांनी उतरली. लुगडं फुगलं, मग भिजून अंगाला चिकटलं. छातीपर्यंत पाणी आल्यावर ती थांबली आणि तिने गाठींचा दोर सोडला.

"काकू!" पुजा ओरडली.

गोजरबाईने दोन्ही तळवे कागदावर ठेवले. रानात खुरपून खुरपून दगडासारखे झालेले तळवे. तिने जोर लावला आणि घसरली. पाणी डोक्यावरून गेलं. पुजाने दोर ताणला, ती वर आली, ठसका लागला. तिने पुन्हा तळवे ठेवले. पुन्हा घसरली. पुन्हा. दर वेळी ती तोंडावरचं पाणी झटकायची आणि वर काठाकडे बघायची. काठ अगदी जवळ दिसत होता. पाण्यातून तो तसाच दिसतो. कोमल रडायला लागली आणि तिला कुणी गप्प केलं नाही. माणिकरावांना तिथून पळून जावंसं वाटलं. जे तीन वर्षं त्यांनी एकट्याने रोज मनात पाहिलं होतं ते आता त्यांच्यासमोर त्यांची बायको करून दाखवत होती.

किती वेळाने कोण जाणे, तिने गाठींचा दोर धरला आणि चढून आली. माणिकरावांनी हात पुढे केला होता. तिने तो घेतला नाही. काठावर बसली, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

"गोळा आला नव्हता त्याला," ती म्हणाली.

"न्हाई."

"लई येळ पोहलं ते?"

खोटं बोलायची आणखी एक संधी होती. माणिकरावांना ती दिसलीही. पण तिच्या बोटांची सालटी निघाली होती, तिकडे बघून त्यांना धीर झाला नाही.

"लई येळ," ते म्हणाले.

गोजरबाईने मान हलवली. मग ती शिलाकडे वळली. "तू व्हतीस हितं. त्यानं माजं नाव घेतलं का?"

शिलाने दोर अजून सोडला नव्हता.  "घेतलं काकू. मी ओढनी टाकत व्हते. त्यो म्हनला, पुरत न्हाई ती, तू पळ, आईला बोलव. मी तुमच्याकडंच पळाले व्हते, हळदीच्या कढईकडं. वाटंत काका भेटले. ते म्हनले तू थांब, मी जातो. म्हून मी तुमच्यापोतूर आलेच न्हाई, काकू. मी तुमाला बोलवलंच न्हाई."

एवढं बोलून ती पोरगी जी रडायला लागली, ते रडणं तीन वर्षांचं होतं. गोजरबाई गुडघ्यावर सरकत तिच्यापाशी गेली आणि ओल्या हातांनी तिचं डोकं छातीशी धरलं.

"पळालीस ना माय," ती म्हणत राहिली. "पळालीस ना तू. पळालीस."

पोरं गुपचूप उठून आंब्याकडे गेली. कुणी सांगितलं नव्हतं. पुजाने चुलीवरचा तवा उतरवला. एक भाकरी जळून कोळसा झाली होती, ती तिने बाजूला टाकली आणि बाकीच्या पोरांना वाढायला घेतल्या.

तळ्यावर चौघंच उरली. माणिकराव जरा लांब बसले होते. जवळ जायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. गोजरबाईने त्यांना ना शिवी दिली, ना जवळ बोलावलं. ते शिरडचं ती खरंच मनावर घेईल का, हेही त्यांना विचारवेना.

पदर पिळून ती म्हणाली, "कोमल, हिकडं ये."

कोमल डोळे पुसत आली. गोजरबाईने आपल्या कमरेचा दोर सोडला आणि लेकीच्या कमरेला बांधला. गाठ नीट बसली का ते शिलाने पाहिलं आणि दोराचं दुसरं टोक धरलं.

"तुज्या बापाला पान्यात उतरू दे आधी," ती कोमलला म्हणाली. बोलणं नवऱ्याला होतं, पण तोंड लेकीकडे होतं. "मंग तू जा. पाठीवर पडायचं कसं ते बग. वर यायचं कसं ते बग. आलं की मला दाखव."

माणिकरावांनी सदरा काढून बांधावर ठेवला. तीन वर्षांत ते पाण्यात उतरले नव्हते. पाणी वरून कोमट आणि खाली गार होतं. कोमल गाठी धरत एकेक पाऊल खाली आली आणि त्यांनी तिच्या पाठीखाली तळहात धरला.

"आभाळाकडं बग," ते म्हणाले.

काठावर गोजरबाईने गाठींचा दोर दोन्ही हातांत घेतला होता आणि एक वेढा मनगटाला मारून टाचा मातीत रोवल्या होत्या. दोर खुंटीला बांधलेलाच होता. माणिकरावांनी पाण्यातून सांगितलं, "खुंटी पक्की हाय, गोजर. सोड तू. हात कापंल."

तिने ऐकलं. पण सोडला नाही.